घंटा आधी वाचू द्या, मग वाजवू द्या



'मी घंटा बोलतेय' हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी तपासला आहे. पंचवीस वह्या उघडा, पंचवीसही वह्यांत घंटा तेच बोलते. मी शाळेची घंटा. मी वाजले की मुले धावत येतात. सुटीची वाजले की मुलांना आनंद होतो. पण मला कधी सुटी मिळत नाही. गाईडमध्ये तसं असतं, म्हणून वहीतही तसंच उतरतं. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी घंटा नीट पाहिलेलीच नसते. आता तर पुष्कळ शाळांत बटण दाबलं की किर्रर्र करणारी इलेक्ट्रिक बेल आली आहे. तिला ना लोलक, ना नाद. अशा घंटेने मुलांशी काय बोलावं?

माझं मत असं आहे की आपल्या जळगाव-धुळ्याच्या मुलांना या निबंधासाठी एक खरी, जुनी, बोलकी घंटा दाखवायला हवी. अशी घंटा आपल्यापासून फार लांब नाही. नाशिकला पंचवटीत आहे. दिवाळीनंतर आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या सहली नाशिकला जातात, रामकुंड पाहतात, काळाराम मंदिर पाहतात आणि त्या घंटेच्या जवळून पुढे निघून जातात.

गोदावरीच्या काठी रामेश्वराचं मंदिर आहे. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी ते १७४७ मध्ये बांधलं, म्हणून लोक त्याला नारोशंकराचं मंदिर म्हणतात. त्याच्या नदीकडच्या तटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. गोदावरीला पूर आला की पाणी कुठपर्यंत चढलं हे नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून आणि या नारोशंकराच्या घंटेवरून सांगतात. ही घंटा मुळात चर्चची, वसईच्या विजयानंतर इकडे आलेली, असं मानलं जातं.

सातवीच्या इतिहासात वसईची मोहीम येते. चिमाजीआप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांकडून वसई घेतली. त्या विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि मंदिरांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. अष्टविनायकांपैकी पालीच्या बल्लाळेश्वराला एक आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्याजवळ एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे.

सहलीत अशी घंटा दिसली की बहुतेक वेळा काय होतं ते आपण सगळे जाणतो. शिक्षक एक वाक्य सांगतात, 'ही घंटा पोर्तुगिजांकडून जिंकून आणली.' मुलं 'हो सर' म्हणतात. मग जिथे हात पोचतो तिथे चाळीस मुलं एकापाठोपाठ एक लोलक धरून दणादणा वाजवतात. कुणी वरून दगडाने ठोकून पाहतो. दोन मिनिटांत रांग पुढे सरकते. इतिहासही झाला आणि घंटाही झाली! मला हे पटत नाही. त्या एका वाक्यात आणि त्या दणदणाटात तीन धडे वाया जातात. एक धातूचा, एक ध्वनीचा आणि एक माणसांचा.

पहिला धडा डोळ्यांचा. घंटेला हात लावायच्या आधी मुलांना ती पाच मिनिटं नुसती पाहू द्या. आकार कसा आहे? आपल्याकडच्या नेहमीच्या देवळातल्या घंटेची कड तितकी पसरट नसते. युरोपी घंटा खाली फुलासारखी उघडते आणि कडेजवळ, जिथे लोलक आपटतो तिथे, तिची भिंत सगळ्यांत जाड असते. ही जाडी शोभेसाठी नाही, मार सोसायला आणि सूर द्यायला आहे. अंगावर काही अक्षरं आहेत का? आकडे आहेत का? अक्षरं वर उठलेली असतील तर ती घंटा ओततानाच साच्यातून आलेली आहेत. आत कोरलेली असतील तर ती नंतर कुणी घातलेली असू शकतात. एवढ्या एका फरकावरून मुलं इतिहासकारासारखी विचार करायला लागतात. साल दिसलं तर वजाबाकी करायला सांगा. क्रूस दिसला तर 'हे काय आहे?' हा प्रश्न येऊ द्या. तो दाबू नका.

मग धातू. देवळातली घंटा दिसली की आपण सरसकट 'पंचधातूची' म्हणून मोकळे होतो. युरोपात घंटेसाठी वापरायचा धातू म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. आपल्या भाषेत याला कासं म्हणतात. आजीने तळपाय घासायला ठेवलेली काशाची वाटी आणि चर्चची घंटा एकाच कुळातल्या! हे सांगितलं की वर्गात डोळे चमकतात. दुसऱ्या दिवशी दोन-तीन वाट्या वर्गात आल्याच म्हणून समजा. वाटी तळहातावर ठेवून चमच्याने हलकेच टोला दिला की ती किती वेळ गाते ते पाहा. मग स्टीलची वाटी वाजवा. फरक कानालाच कळतो.

पण कासं जसं गातं तसंच ते ठिसूळही असतं. तांब्याचा तांब्या पडला तर त्याला पोचा येतो. काशाची वाटी फरशीवर पडली तर तडकू शकते. एकदा तडकली की तिचा नाद गेला, मग ती 'खट्' वाजते. घंटेचंही तसंच. म्हणून घंटा कशी हाताळायची हा प्रश्न शिस्तीचा तर आहेच, पण त्याहून जास्त धातूचा आहे. 'घंटेला दगड मारू नका' असं नुसतं ओरडून सांगण्यापेक्षा काशाच्या वाटीची गोष्ट सांगा. मुलं आपणहून दगड खाली टाकतील.

दुसरा धडा कानांचा. सहावी-सातवीच्या विज्ञानात ध्वनीचा पाठ आहेच, पण त्याची सुरुवात पहिलीपासून करता येते. आपल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत अजून रुळाचा तुकडा टांगलेला आहे. भुसावळसारखं जंक्शन शेजारी असलेल्या मुलखात त्याचं नवल नाही. त्या तुकड्यावर एक टोला द्या आणि मुलांना डोळे मिटून ऐकू द्या. आवाज संपला असं वाटलं की हात वर करायचा. आधी मागच्या बाकांवरचे हात वर जातात, मग पुढच्यांचे. कुणाच्या तरी कानात तो शेवटपर्यंत राहतो. मग पुन्हा टोला द्या आणि रुळाला हाताने घट्ट धरा. आवाज तिथल्या तिथे मरतो. का मरतो? कारण कंप थांबला. व्याख्या पाठ करून घ्यायची गरजच उरत नाही.

मोठ्या घंटेचा आवाज एकेरी नसतो. एका टोल्यात अनेक सूर एकदम निघतात. वरचे सूर लवकर विरतात आणि खालचा जाड, घुमणारा सूर सगळ्यांत जास्त वेळ राहतो. म्हणून सुरुवातीला 'ठण्ण' ऐकू येतं आणि शेवटी नुसतं 'ऊंऽऽम' उरतं. मुलांना हा आवाज शब्दांत लिहायला सांगा. आपल्या मराठीत किणकिण, खणखण, ठणठण, घणघण असे कितीतरी शब्द आहेत. पोळ्याला बैलाच्या गळ्यातली माळ कशी वाजते, बकरीच्या गळ्यातली घंटी कशी वाजते, आणि ही घंटा कशी वाजली? भाषेचा तास आणि विज्ञानाचा तास इथे वेगळे राहत नाहीत. मैदान मोठं असेल तर दीड-दोनशे मीटर लांब मुलं उभी करा. टोला आधी दिसतो, आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो हे वाक्य मग पुस्तकातलं राहत नाही.

पण यासाठी घंटा एकदाच वाजवून थांबावं लागतं. चाळीस मुलांनी एकदम वाजवली तर कुणालाच काही ऐकू येत नाही. आवाज होतो, नाद कळत नाही. मला वाटतं, आपल्याकडे सगळीकडेच हा फरक हरवत चालला आहे. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोरांना नाद म्हणजे काय ते कुणी ऐकवलंच नसेल, तर नुसता उपदेश करून काय होणार?

आता हाताळण्याविषयी थोडं सविस्तर. चर्चमध्ये घंटा उंच मनोऱ्यात असते आणि खालून दोराने वाजवतात. पुष्कळ ठिकाणी आख्खी घंटाच आडव्या दांड्याबरोबर झुलते. लोलक कडेवर आपटतो आणि लगेच सुटतो. आपल्या देवळात घंटा जागच्या जागी असते आणि आपण लोलकच हाताने हलवतो. तीच घंटा, पण वाजवायची रीत बदलली. यात वाईट काही नाही. फक्त स्थिर घंटेला वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी मार बसतो आणि ती तिथेच झिजते. लोलक आपटून तसाच दाबून धरला तर कंप कोंडला जातो आणि तडा जायची भीती वाढते. लोलक सोडून लोखंडी गजाने किंवा दगडाने ठोकलं तर विचारायलाच नको.

जड मार काय करतो याचं जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण लंडनची बिग बेन. वजन १३ टनांच्या वर. १८५९ च्या जुलैमध्ये ती पहिल्यांदा वाजली आणि सप्टेंबरमध्ये तिला तडा गेला, कारण तिच्यावर पडणारा हातोडा हवा त्यापेक्षा फार जड होता. मग घंटा थोडी फिरवली, म्हणजे मार नव्या जागी बसेल, आणि हलका हातोडा लावला. तो तडा आजही आहे आणि घंटा आजही वाजते. केवढी मोठी घंटा, केवढे मोठे इंजिनिअर, तरी शेवटी उपाय काय? हात हलका करणे! पाचवीच्या मुलाला हे लगेच समजतं.

म्हणून सहलीला जाण्याआधी मुलांना एवढं सांगून ठेवावं. घंटा वाजवायला तिथे परवानगी आहे का ते आधी विचारायचं. वाजवायची तर तिच्याच लोलकाने, एकदा, हलक्या हाताने, आणि लोलक लगेच सोडायचा. आवाज पूर्ण विरेपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही. दोर किंवा लोलक धरून लोंबकळायचं नाही, कारण वरचं लाकूड आणि लोखंड अनेक पावसाळे खाल्लेलं असतं. घंटेच्या आत डोकं घालून उभं राहायचं नाही, कानाला इजा होते. अक्षरांवर कुंकू, तेल, रंग लावायचा नाही.

गावच्या आणि देवस्थानच्या मोठ्यांसाठीही एक विनंती आहे. जुन्या घंटेवरचा काळपट-हिरवट थर घाण समजून चिंच-रांगोळीने घासू नका. दर घासणीला थोडा धातू जातो आणि त्याबरोबर थोडी अक्षरं जातात. ऑइलपेंट तर नकोच. आपल्या देशात १९७२ चा पुरावशेषांविषयीचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू त्यात मोडतात. घंटेचा आवाज अचानक बद्द झाला तर तो तडा असू शकतो किंवा टांगणी सैल झालेली असू शकते. तेव्हा वाजवणं थांबवून जाणकाराला दाखवावं.

यावर कुणी म्हणेल, एवढं जपायचं तर घंटा बांधूनच ठेवा, कुलूप लावा. मला तेही मान्य नाही. मुकी घंटा म्हणजे नुसतं वजन. मुलांनी तिचा आवाज एकदा तरी ऐकला पाहिजे. मी 'वाजवू नका' म्हणत नाही, 'आधी वाचा, मग वाजवा, आणि वाजवल्यावर ऐका' असं म्हणते.

आता तिसरा धडा, आणि तोच सगळ्यांत अवघड. वर्गात मी मेणवलीच्या घंटेचा फोटो दाखवला तेव्हा मरियेची आकृती पाहून एका मुलीने विचारलं, "मॅडम, हाई घंटा आपली शे का त्यासनी?" वर्ग गप्प झाला. या प्रश्नाला आपण शिक्षक फार टाळतो. कुणी म्हणतं, लहान मुलांपुढे धर्माचे विषय कशाला? कुणी म्हणतं, आपण जिंकलो एवढं सांगा, अभिमान वाटू द्या, पुरे. पण प्रश्न मुलीनेच विचारलेला असतो. आपण उत्तर दिलं नाही तर ते मोबाईल देईल, आणि तो कसं देईल हे मी सांगायला नको.

मी फळ्यावर वजाबाकी मांडली. घंटेवर साल १७०७. वसई पडली १७३९ ला. म्हणजे ती त्यांच्याकडे राहिली जास्तीत जास्त ३२ वर्षं. त्यानंतर आजपर्यंत ती इकडे आहे, २८० हून जास्त वर्षं. ओतली त्यांनी, सांभाळली आपण. मग एका पोराने विचारलं, "मॅडम, मग तिच्यावरची बाई कुणी पुसली का नाही?" मला वाटतं त्या तासातला सगळ्यांत चांगला प्रश्न हाच होता. छिन्नी-हातोडी घेऊन ती आकृती उडवणं काही अवघड नव्हतं. घंटा वितळवून टाकणंही अवघड नव्हतं. तोफेलाही तांबं आणि कथीलच लागतं, फक्त कथील कमी. युद्धात घंटा वितळवणं जगात नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने युरोपभरच्या चर्चमधून दीड लाखाहून जास्त घंटा उतरवून नेल्या आणि त्यातल्या बहुतेक वितळवल्या. आपल्याकडे मात्र विजयाची खूण म्हणून आणलेली ही घंटा देवाच्या दारात टांगली गेली आणि तिच्यावरची आई आणि लेकरू तसंच राहिलं. वसईच्या विजयाचा अभिमान मुलांना जरूर वाटावा. पण ही गोष्टही त्यांना कळली पाहिजे. तिने अभिमान कमी होत नाही, उलट वाढतो.

घंटा एका जागेवरून दुसरीकडे जाते ती फक्त लढाईतच, असंही नाही. पणजीच्या प्रसिद्ध चर्चमधली मोठी घंटा मुळात जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ ओस पडला. मग ती काही वर्षं आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये पणजीला आली. मठ, दीपगृह, चर्च. काम तेच राहिलं, माणसांना हाक मारायचं. चर्चमध्ये ती प्रार्थनेला बोलावते, लग्नाची आणि मरणाची खबर देते. मंदिरात ती आरतीला बोलावते. शाळेत ती वर्गात बोलावते.

आणि 'ते' म्हणजे तरी कोण? आपल्या वर्गांतही ख्रिस्ती मुलं असतात. नवापूरकडच्या शाळांत आहेत, भुसावळला आहेत. वसईचे ख्रिस्ती लोक आज घरात मराठीच बोलतात. त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आपल्या खानदेशचंच उदाहरण हवं असेल तर बालकवी घ्या. धरणगावचा हा मुलगा रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्ती घरात राहिला आणि लक्ष्मीबाई टिळकांनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. ज्याच्या कविता आपण वर्गात तालावर म्हणून घेतो, त्याला त्या घरात कुणी 'आपला का त्यांचा' असं विचारलं नाही. पोर्तुगीज सत्तेशी लढाई झाली ती झाली. त्या लढाईचा हिशेब आज शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे मागायचा नसतो. हे घंटेच्या निमित्ताने जितकं सहज सांगता येतं तितकं भाषणातून सांगता येत नाही.

पालकांना एक सांगते. या तिन्ही धड्यांसाठी पैसे लागत नाहीत. घरातली काशाची वाटी, पोळ्याच्या माळेतली एक घंटी आणि दोऱ्याला बांधलेला चमचा पुरे. दोऱ्याची दोन टोकं दोन बोटांवर गुंडाळून ती बोटं दोन्ही कानांत घालायची आणि चमचा टेबलाच्या कडेला हलकेच आपटायचा. साध्या चमच्यातून देवळाची घंटा ऐकू येते. एकदा करून बघा, पोरं दिवसभर सोडणार नाहीत. देवदर्शनाला गेलात तर पोराला उचलून घंटा वाजवू द्या, पण एकदाच, आणि मग दोघंही गप्प उभे राहून आवाज संपेपर्यंत ऐका.

शिक्षकांना सुचवते, यंदा 'मी घंटा बोलतेय' हा विषय थोडा बदलून द्या. 'मी वसईहून आलेली घंटा बोलतेय.' सोबत एक फोटो, एक साल आणि नकाशावर वसई, नाशिक, मेणवली एवढी तीन ठिकाणं द्या. गाईडमध्ये हा निबंध सापडणार नाही, म्हणून मुलांना स्वतः लिहावा लागेल. कुणाची घंटा समुद्राची आठवण काढेल, कुणाची पुराला घाबरेल, कुणाची 'मला दगड मारू नका' म्हणेल. शुद्धलेखनाच्या चुका निघतीलच, त्या आपण नंतर दुरुस्त करू. पण पंचवीस वह्यांत पंचवीस वेगळ्या घंटा बोलल्या, तर तपासायलाही मजा येईल. निबंध आले की इथे पाठवा, आपण सगळे वाचू.